हरभरा आणि सराटा : एक प्रस्तावना

अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी ३००च्या आसपास वनस्पतींविषयी जे लिहून ठेवलं, त्यात हरभऱ्याबद्दल एक छोटी नोंद आहे. इतर कडधान्यं जमिनीला बळ देतात, हरभरा मात्र तिला थकवतो. पण तो तण मारतो, आणि त्यातही सगळ्यात आधी सराटा मारतो, असं तो सांगतो. सराटा म्हणजे तोच, माळावर पसरणारा, अनवाणी पायात मोडणारा, सायकलच्या ट्यूबमध्ये घुसणारा, आणि गोखरू म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात विकला जाणारा. ग्रीसमधला कुणी शेतकरी आणि मराठवाड्यातला कुणी शेतकरी यांची गाठ पडली असती, तर या दोन झाडांवर त्यांना बराच वेळ बोलता आलं असतं.

ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आंब आठवली. आमची आजी थंडीच्या दिवसांत पहाटे हरभऱ्याच्या रानावर धुतलेलं पातळ फडकं अंथरायची. दवाने ते भिजलं की उचलून पिळायचं आणि ते आंबट पाणी बाटलीत भरून ठेवायचं. पोट दुखलं की त्यातलं चमचाभर मिळायचं. हरभऱ्याच्या पानांवर बारीक केस असतात. त्यांच्या टोकांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, तीच आंब. आंबेने सराटा मरतो असा दावा मी करत नाही. पण झाड अंगातून रसायनं बाहेर टाकतं ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत दाखवावी लागते, आणि आजीने ती फडक्यात पिळून बाटलीत भरली होती.

एका वनस्पतीने बाहेर टाकलेल्या रसायनांचा शेजारच्या वनस्पतीच्या उगवणीवर आणि वाढीवर जो परिणाम होतो, त्याला शास्त्रात अॅलेलोपॅथी म्हणतात. हा शब्द हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३७ मध्ये घडवला. ‘एकमेकांचं’ आणि ‘सोसणं’ अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. त्याचे प्रयोग पिकत्या सफरचंदांवरचे होते: फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने शेजारी ठेवलेल्या रोपांची वाढ कशी बदलते, हे तो पाहत होता. याच मोलिशने १९२८च्या सुमारास कलकत्त्याला जगदीशचंद्र बोस यांच्या संस्थेत काही काळ काम केलं होतं आणि भारतातल्या त्या दिवसांवर जर्मनमध्ये एक पुस्तकही लिहिलं होतं. झाडांना कळतं काय आणि ती बोलतात कशी, याचा ध्यास असलेली ती दोन माणसं एका छताखाली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मराठीला शास्त्राचा हा शब्द उसना घ्यावा लागला, पण त्याच्या पोटातला मोठा भाग आपल्याकडे आधीपासून एका शब्दात आहे: बेवड. आधीच्या पिकाने रानात जे मागे ठेवलं, त्याचा पुढच्या पिकाला होणारा लाभ किंवा त्रास म्हणजे बेवड. अमक्या पिकाचा बेवड चांगला, तमक्याचा वाईट, हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. बेवडात नत्र येतं, ओल येते, राहिलेली कीड येते, आणि कुजणाऱ्या मुळा-धसकटांतून सुटणारी रसायनंही येतात. शब्द परिणाम सांगतो, कारण सांगत नाही. युरोपात १८३२ मध्ये द कांदोल या स्विस शास्त्रज्ञाने, मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांनी जमीन त्याच पिकाला नकोशी होते, असं मांडलं होतं. पुढे लीबिगचा खनिज खतांचा सिद्धान्त आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे वळलं. जमिनीत काय कमी झालं याचा हिशेब शंभर वर्षं होत राहिला. जमिनीत काय जास्त झालं, हा प्रश्न मागे पडला. हे पुस्तक त्या मागे पडलेल्या प्रश्नाचं आहे.

हा प्रश्न आज पुन्हा का विचारायचा? त्याचं उत्तर शेताच्या बांधावर उभं राहिलं की मिळतं. सातारा-कोल्हापूरकडे ज्याला भांगलण म्हणतात, विदर्भात निंदण, कोकणात बेणणी, आणि बाकी बहुतेक ठिकाणी खुरपणी, ते काम महाराष्ट्रात जवळजवळ पूर्णपणे बायकांच्या अंगावर आहे. एकेक बाई आपली पात धरते आणि उकिडवी बसून, सरकत सरकत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. पेरणीनंतरचे पहिले तीस ते पंचेचाळीस दिवस पिकाच्या दृष्टीने निर्णायक असतात. त्या काळात तण हटलं नाही तर पुढे कितीही खुरपलं तरी गेलेलं उत्पन्न परत येत नाही. ‘तण खाई धन’ ही म्हण त्या दिवसांची आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत झड लागते, वाफसा येत नाही, कोळपं चालत नाही, आणि गावातल्या सगळ्यांनाच एकदम बायका हव्या असतात.

म्हणून तणनाशक आलं, आणि ते का आलं हे ज्याला कळत नाही त्याने त्याच्याविरुद्ध बोलू नये. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी बंदी मोडून, जाहीरपणे, तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीचं परवानगी नसलेलं बियाणं लावलं. त्या आंदोलनाची कोणतीही बाजू घ्या, त्यामागचं खुरपणीचं दुखणं खरं होतं. पण फवारणीचा रस्ताही सरळ नाही. पंजाब-हरियाणात गव्हात माजणाऱ्या गुल्लीडंडा या गवतावर आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक वर्षानुवर्षं मारलं गेलं, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ते गवत त्या औषधाला दाद देईनासं झालं. गव्हाची उभी रानं शेतकऱ्यांना हिरवा चारा म्हणून कापावी लागली. एकाच औषधावर विसंबलेल्या शेतीचं पुढे काय होतं, ते तिथे दिसलं.

या दोन टोकांच्या मध्ये काही आहे का, हे शोधणाऱ्यांना सगळ्यात आधी भेटतं ते आपलंच पीक. ज्वारी.

ज्वारीच्या मुळांच्या केसांवर, टोकाशी, पिवळसर सोनेरी थेंब साचतात. कोवळं रोप ओलसर कागदावर वाढवून भिंगाखाली धरलं तर ते स्पष्ट दिसतात. मी विद्यार्थ्यांना दाखवत असे तेव्हा वर्गात शांतता पसरायची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात नेट्झली आणि बटलर यांनी १९८६ मध्ये या थेंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे सोरगोलिऑन. ते शेजारच्या कोवळ्या रोपाचं प्रकाशसंश्लेषण अडवतं, आणि तेही ज्या जागी अॅट्राझीन अडवतं त्याच जागी. मका-ज्वारीत फवारलं जाणारं अॅट्राझीन कारखान्यात तयार व्हायच्या कितीतरी आधीपासून ज्वारी आपल्या मुळाशी हेच काम करत होती. मात्र हे द्रव्य तेलकट आहे, पाण्यात विरघळत नाही. ते मुळापासून लांब जात नाही आणि जिवंत मुळावरच तयार होतं. ज्वारी दाट पेरली की तण दबतं, त्यात सावलीचा वाटा मोठा असतो; पण जमिनीखाली हेही चालू असतं.

पाकिस्तानात फैसलाबादच्या कृषी विद्यापीठात झाहिद अता चीमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्वारीचा वेगळा उपयोग केला. पक्व ज्वारीची ताटं वाळवून त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, एका किलोला दहा लिटर या प्रमाणात चोवीस तास पाण्यात भिजवायचे, गाळायचं आणि ते पाणी उकळून आटवायचं. त्याला त्यांनी नाव दिलं सोरगाब, म्हणजे ज्वारीचं पाणी. गव्हावर, पेरणीनंतर महिनाभराने, याच्या फवारण्या केल्यावर तणाचं वजन साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटल्याचं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. या पाण्यातला प्रभाव सोरगोलिऑनचा नव्हे, हे लक्षात घ्यायला हवं, कारण ते पाण्यात उतरतच नाही. हा प्रभाव मुख्यतः ताटातल्या विरघळणाऱ्या फिनॉलिक आम्लांचा आहे. मला त्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो पुढचा: सोरगाबबरोबर तणनाशकाची मात्रा निम्मी केली तरी पूर्ण मात्रेच्या जवळपास परिणाम मिळाला. म्हणजे ज्वारीच्या पाण्याने तणनाशक हद्दपार झालं नाही, ते अर्ध्यावर आलं. ज्या घरात औषधाचा पंप पाठीवर घेणारा माणूस आपलाच असतो, त्या घरात अर्धं ही लहान गोष्ट नाही.

पण ज्या द्रव्याने तण दबतं ते पिकाला ओळखून सोडून देत नाही. ज्वारीची धसकटं तशीच ठेवून लगेच गहू पेरला तर गव्हाची उगवण मंदावते. यात नत्र अडकण्याचाही भाग असतो, पण कुजणाऱ्या अवशेषांतून सुटणाऱ्या रसायनांचाही असतो. आधी कुजायला वेळ द्या, मग पेरा, हा जुन्या माणसांचा सल्ला या दोन्ही कारणांना पुरून उरतो. कोवळ्या ज्वारीत सोडलेलं जनावर दगावतं हे ज्या गुराख्याला माहीत आहे, त्याला हे पीक किती कडक आहे हे वेगळं सांगायला नको.

ज्वारीबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टारफुला तुम्ही पाहिला असेल: ज्वारीच्या बुडाशी उगवणारी, लहान फुलांची, दिसायला नाजूक वनस्पती. तिची मुळं ज्वारीच्या मुळांत घुसतात आणि ज्वारी उभ्या उभ्या सुकते. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक असतं, एका झाडाला हजारोंनी येतं आणि जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. जवळ ज्वारीचं मूळ आलं की मगच ते उगवतं. त्याला कळतं कसं? मुळातून निघणाऱ्या एका रसायनाने. त्या गटातलं पहिलं रसायन, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये वेगळं केलं गेलं, आणि तेही ज्वारीच्या नव्हे, कपाशीच्या मुळांतून. पीक स्वतःच्या शत्रूला हाक का मारतं, हे कोडं पुढची चाळीस वर्षं सुटलं नाही. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की ही हाक मुळात जमिनीतल्या मायकोरायझा बुरशीसाठी असते. ती बुरशी मुळाला स्फुरद आणून देते. स्फुरद कमी पडलं की पीक मदतनीसाला बोलावतं, आणि टारफुला ती हाक चोरून ऐकतो.

हे एकदा कळलं की हाक मारून फसवताही येतं. कपाशीचं मूळ टारफुल्याचं बी उगवायला लावतं, पण त्याला थारा देत नाही; उगवलेलं रोप उपाशी मरतं. म्हणून टारफुल्याच्या रानात ज्वारीआधी कपाशी, हा फेर कामाचा ठरतो. अमेरिकेतल्या कॅरोलिना राज्यांत १९५६ मध्ये टारफुला सापडला तेव्हा तिथे जमिनीत इथिलीन वायू सोडून त्याचं बी उगवायला लावलं, आणि आधार नसल्याने ते मेलं. मोलिशच्या सफरचंदांतला वायू तो हाच.

आफ्रिकेत टारफुल्यावर याहून सुंदर उपाय सापडला, आणि तोही शोधायला गेले होते दुसरंच काही. केनियात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, म्बिता इथल्या केंद्रावर, मूळचे भारतीय असलेले कीटकशास्त्रज्ञ झेयाउर खान हे मक्याच्या खोडकिड्यावर काम करत होते. किड्याला पळवण्यासाठी त्यांनी मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावलं. किडा कमी झालाच, पण त्या तुकड्यांत टारफुलाही दिसेनासा झाला. तपासल्यावर कळलं की डेस्मोडियमच्या मुळांतून निघणारी काही द्रव्यं टारफुल्याचं बी उगवायला लावतात आणि काही द्रव्यं त्याच्या कोंबाला मक्याच्या मुळापर्यंत पोहोचू देत नाहीत. पूर्व आफ्रिकेतल्या हजारो लहान शेतकऱ्यांनी ही पद्धत घेतली. ती टिकली याचं कारण मला रसायनशास्त्रात दिसत नाही. डेस्मोडियम गाई-शेळ्या खातात, दूध वाढतं, आणि जमिनीला नत्र मिळतं. जी तणावरची युक्ती दुसऱ्या बाजूने घरात दूध आणते, ती शेतकरी सोडत नाही. आपल्याकडे प्रयोग करणाऱ्या संस्थांनी हे आधी वाचावं.

आता सावधगिरीकडे येतो, कारण या विषयात फसणं फार सोपं आहे.

कॅलिफोर्नियात, सान्ता बार्बराच्या आसपासच्या टेकड्यांवर, साल्व्हिया नावाची सुगंधी झुडपं वाढतात. त्यांच्याभोवती मीटर-दोन मीटर रुंदीची उघडी जमीन दिसते, आणि तिच्यापलीकडे गवत. कॉर्नेलियस म्युलर या शास्त्रज्ञाने १९६४ मध्ये मांडलं की झुडपातून उडणारी कापूर आणि सिनिऑल ही द्रव्यं गवताला उगवू देत नाहीत. प्रयोगशाळेत ते सिद्धही होत होतं. पाठ्यपुस्तकांत ती उघड्या पट्ट्यांची छायाचित्रं छापली गेली. मग १९७० मध्ये बार्थोलोम्यू याने एक साधी गोष्ट केली: त्या उघड्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे ठेवले. पिंजऱ्यांच्या आत गवत उगवलं. झुडपात लपणारे उंदीर, ससे आणि पक्षी बाहेर पडून जवळचं गवत आणि बी खात होते. मोकळ्यावर लांब जायला ते घाबरत, म्हणून पट्टा तेवढाच रुंद. द्रव्यं होती, त्यांचा विषारीपणाही खरा होता, पण जमीन उघडी ठेवणारे दात होते.

आपल्या नीलगिरीचंही असंच आहे. सामाजिक वनीकरणाच्या काळात बांधांवर नीलगिरी लागली, आणि तिच्या बाजूच्या चार-सहा ओळी खुरटल्या हे कुणीही पाहिलं आहे. पानांतल्या तेलाचा त्यात वाटा असू शकतो. पण पाणी ओढणारी मुळं आणि सावली यांचा वाटा वेगळा मोजल्याशिवाय सगळा दोष तेलावर टाकणं म्हणजे म्युलरची चूक पुन्हा करणं. आपल्या कृषी महाविद्यालयांत या विषयावर जे प्रबंध झाले, त्यांतले कितीतरी काचेच्या बशीत संपले. पाल्याचा दाट काढा करायचा, बशीतल्या कागदावर ओतायचा आणि मुळ्याचं किंवा मेथीचं बी उगवलं नाही म्हणून निष्कर्ष काढायचा. पुरेसा दाट केला तर कुठल्याही पाल्याचा काढा बी मारतो. शेतात तो काढा पावसाने पातळ होतो, काळ्या मातीच्या चिकणकणांना चिकटून बसतो आणि जिवाणू त्याला काही दिवसांत खाऊन टाकतात. बशी प्रश्न विचारायला चांगली आहे. उत्तर मातीतूनच घ्यावं लागतं.

मी स्वतः यातून गेलो आहे. पहिल्या वर्षी मी ज्वारीचं पाणी गव्हाच्या एका वाफ्यात फवारलं आणि शेजारच्या वाफ्यात फवारलं नाही. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. मी तो चार ठिकाणी सांगितलाही. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की न फवारलेला वाफा पाटाच्या बाजूचा होता, तिथे दरवर्षीच तण जास्त असतं. मग वाफे आलटून-पालटून, चिठ्ठ्या टाकून ठरवले. फरक राहिला, पण आधीच्या मानाने पुष्कळ कमी. लव्हाळ्याला काहीच झालं नाही. त्याच्या गाठी जमिनीत खोल आणि अन्नाने भरलेल्या असतात, त्यांना असल्या पातळ पाण्याची भीती नाही. बारीक बियांच्या तणांची कोवळी रोपं मात्र कमी होती. एवढंच मी आज खात्रीने सांगतो, आणि पहिल्या वर्षी ज्यांना जास्त सांगितलं त्यांची इथे माफी मागतो.

दुसरी सावधगिरी ‘नैसर्गिक’ या शब्दाची. पुण्यात १९५५च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलेलं आणि नंतर देशभर पसरलेलं गाजरगवत, म्हणजेच चटकचांदणी, हे झाडाच्या रासायनिक ताकदीचं आपल्या दारातलं उदाहरण आहे. त्यातलं पार्थेनिन शेजारच्या रोपांना दाबतं, आणि तेच माणसाच्या कातडीवर खाज आणि चट्टे उठवतं. ते उपटणाऱ्या किती बायकांच्या हातांवर ते डाग राहिले आहेत! वनस्पतीचं विष हे विषच असतं. त्याचा अर्क करताना हातमोजे आणि तोंडावर फडकं हवं, इतर कुठल्याही औषधासारखंच.

याच गाजरगवताला आवरणारं झाडही आपल्या ओळखीचं आहे. पहिल्या पावसात ज्याची कोवळी पानं आपण भाजीला खुडतो तो टाकळा. गाजरगवताच्या जागी टाकळ्याचं किंवा त्याच्या जवळच्या जातीच्या तरवडवर्गीय झाडांचं बी दाट फेकलं तर दोन-तीन पावसाळ्यांत गाजरगवत मागे हटतं, हे महाराष्ट्र-कर्नाटकात वारंवार दिसलं आहे. टाकळ्यातून पाझरणारी द्रव्यं, त्याची लवकर उगवण आणि दाट सावली, या तिन्हींचं ते काम आहे. रस्त्याकडेला, पडीक जागी, शाळेच्या आवारात हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि वरून भाजी मिळते.

कंपन्यांनी या ज्ञानाचं काय केलं, तेही वाचकाला माहीत असावं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रसायन कंपनीतल्या शास्त्रज्ञाला आपल्या अंगणातल्या बॉटलब्रशखाली तण फारसं उगवत नाही असं दिसलं. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर लाल ब्रशासारखी फुलं लोंबणारं झाड ते हेच. त्याच्या मुळाशी लेप्टोस्पर्मोन हे द्रव्य होतं. ते तण मारायचं, पण फार मोठ्या मात्रेत. त्याची रचना बदलत बदलत मेसोट्रायॉन हे मक्याचं तणनाशक झालं, आणि ते आपल्याकडच्या दुकानांतही मिळतं. मला यात गैर काही दिसत नाही. मात्र झाडाखाली उघडी जमीन पाहणारा डोळा कंपनीकडे होता तसा तो आपल्या शेतातही आहे, आणि त्याची नोंद ठेवायची सवय आपल्याला नाही, याचं वाईट वाटतं.

भाताच्या बाबतीत तर ही नोंद सरकारी पातळीवर ठेवली गेली. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये रॉबर्ट डिल्डे यांना भाताच्या काही वाणांभोवती तणविरहित वर्तुळं दिसली. त्यांनी हजारो वाण तपासले. पुढे भाताच्या मुळांतून पाझरणाऱ्या मोमिलॅक्टोन या द्रव्यावर जपानमध्ये काम झालं आणि चीनमध्ये तण दाबणारा भात पैदास करून शेतकऱ्यांच्या हाती दिला गेला. कोकण आणि पूर्व विदर्भात भाताचे जुने गावठी वाण अजून काही घरांत जपलेले आहेत. जुनी माणसं सांगतात की काही वाणांत बेणणी कमी लागते. ते वाण हरवण्याआधी या दृष्टीने कुणीतरी तपासावेत, अशी मी कृषी विद्यापीठांतल्या तरुण संशोधकांना कळकळीची विनंती करतो. हिसारच्या एस. एस. नरवाल यांनी १९९४ मध्ये याच विषयाला वाहिलेलं नियतकालिक भारतातून सुरू केलं. म्हणजे हे काम छापायला परदेशाची वाट पाहावी लागत नाही.

या पुस्तकात खाजकुयली आहे, मोहरी आहे, ताग आहे, उसाचं पाचट आहे, आणि जिथे प्रयोग फसले तीही प्रकरणं आहेत. फसलेली प्रकरणं मी मुद्दाम लांब लिहिली आहेत. बाटलीत भरलेला ‘तणमुक्ती अर्क’ घेऊन कुणी तुमच्या गावात आला, तर त्याला फवारलेला आणि न फवारलेला असे दोन्ही पट्टे दाखवायला सांगा. एवढी हिंमत या पुस्तकाने वाचकाला दिली तरी मला पुरे आहे. वनस्पतींच्या रसायनांनी खुरपं संपणार नाही. चार खुरपण्यांच्या जागी तीन, किंवा पूर्ण मात्रेच्या जागी अर्धी, एवढं होऊ शकतं. ते कुठे होतं आणि कुठे होत नाही हे प्रत्येक शिवाराला आपलं आपण शोधावं लागेल, कारण पोयट्यात जे चालतं ते भारी काळ्या रानात चालेलच असं नाही.

तेव्हा पुस्तक मिटल्यावर एवढं करा. येत्या हंगामात पाच गुंठे बाजूला काढा, त्याचे सारखे सहा वाफे पाडा, आणि चिठ्ठ्या टाकून तीन वाफ्यांत उपाय करा, तीन वाफ्यांत करू नका. पेरणीपासून तिसाव्या दिवशी मीटरभर लांब-रुंद चौकट टाकून तिच्यातलं तण जातवार मोजा, तारीख घालून वहीत लिहा, आणि दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा करा. मोजायला तुमच्या रानात खुरपणाऱ्या बायकांना बोलवा. दोन पानांवर आलेलं रोप केन्याचं की माठाचं, हे त्या वरूनच ओळखतात. आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना पूर्ण द्या.